तांब्याच्या पाटावरचा क्रिसांतो

क्रिसांतो बोर्रेरोनं पहिला माणूस लोळवला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. निमित्त काय, तर थोरल्या भावाच्या, लेआंद्रोच्या, जेवणाचा डबा कुणीतरी गंमत म्हणून पाटात लाथाडला. डब्यात हरभऱ्याचा रस्सा होता. आमच्या पाटात पडलेलं अन्न पुन्हा काढून खाता येत नाही. लेआंद्रो हसला, 'जाऊ दे' म्हणाला आणि कोरडा पाव चावत बसला. क्रिसांतो उठला, हातातला दांडा त्यानं त्या गड्याच्या तोंडावर घातला, आणि गडी आडवा झाल्यावरही तो मारतच राहिला. चार जणांनी त्याला ओढून बाजूला केलं. त्या गड्याचं नाक जन्मभर डावीकडे वाकलेलं राहिलं.

"एवढ्याशा रश्शासाठी माणूस मारतोस?" घरी जाताना लेआंद्रोनं विचारलं.

"रश्शासाठी नाही, दादा. तू हसलास म्हणून."

दोघं भाऊ सिएरा पार्दाच्या खाणीवर पाटकरी होते. शेताच्या पाटावर असतो तसाच पाटकरी, पण स्पेनच्या दक्षिणेच्या त्या डोंगरांत पाटाच्या पाण्यावर काही पिकत नसे. खाणीतला दगड गंधकानं भरलेला आणि त्यात तांबं नावापुरतं. असला हलका दगड भट्टीत घालणं कंपनीला परवडायचं नाही. म्हणून तो फोडून त्याचे टेकडीएवढे ढीग रचायचे आणि वरून पाणी सोडायचं. हवापाणी लागलं की दगड आतल्या आत कुजतो, त्याच्या गंधकाचं तेजाब होतं, आणि ते तेजाब वाटेतलं तांबं चाटून घेत महिनोन्‌महिने खाली झिरपत राहतं. पायथ्याशी निघतं ते पाणी निळंहिरवं असतं. दिसायला देखणं, आणि डोळ्यात गेलं तर डोळा गेला. ते लांबलचक दगडी पाटांतून उताराला लावायचं आणि पाटात लोखंड अंथरून ठेवायचं. जुने रूळ, फुटक्या कढया, मोडीत काढलेल्या जहाजांचे पत्रे, जे मिळेल ते. पाणी लोखंड खातं आणि त्याच्या जागी तांबं ठेवून जातं. लोखंडावर काळपट लाल साल धरते. पाणी अडवून ती साल झोडायची, खरवडायची, झाडून गोळा करायची, हे पाटकऱ्याचं काम. बुटाला खिळा चालत नसे, कारण पाणी तोही खायचं. माणसं पायांना चिंध्या गुंडाळून बुचाच्या तळव्यांवर चालायची. सदरा दोन महिन्यांत अंगावरच विरून जायचा. दोघांच्या बापाला पावसाळ्यात घसरलेल्या ढिगानं गिळलं होतं, आणि दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पोरं त्याच ढिगाखाली कामाला लागली होती.

लेआंद्रोचं लग्न झालं. बायको ओब्दुलिया वरच्या अंगाच्या, चेस्टनटच्या रानातल्या गावाची. पहिल्याच दिवशी दारात उभी राहून तिनं समोरचे उघडेबोडके लाल डोंगर पाहिले.

"इथं झाडांना बंदी आहे का हो, भावजी?"

"झाडं शहाणी आहेत, वहिनी," क्रिसांतो म्हणाला. "ती आली नाहीत."

ती हसली, आणि त्या दिवसापासून दीर-भावजयीचं जमलं. क्रिसांतो मारामारी करून आला की तीच त्याच्या भुवया शिवायची. "ह्या खेपेला दोरा काळा आहे, पांढरा संपला," असं म्हणत सुई खुपसायची. तोही हूं की चूं करायचा नाही.

वीस सालच्या संपात सगळं बदललं. संप लांबला. घरांतली चूल आधी दिवसाआड पेटायची, मग तीही बंद झाली. लोकांनी पोरं दूरदूरच्या शहरांतल्या कामगारांच्या घरी पाठवून दिली, निदान ती तरी जेवतील म्हणून. कंपनीनं बाहेरून माणसं आणून ढिगांवर पाणी चालू ठेवलं. तेव्हा लेआंद्रो, ज्यानं आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता, तो म्हणाला की पाणी तोडायचं. ढिगाला पाणी मिळालं नाही तर आतला गंधक धग धरतो. एकदा ढीग आतून पेटला की साहेब आपणहून बोलायला येईल.

भर दुपारी ते दहाबारा जण वरच्या तलावाच्या दाराशी गेले. लोखंडी चाक फिरवलं की दार खाली बसायचं. लेआंद्रोनं चाकाला हात घातला तोच कंपनीचे पहारेकरी बांधावर आले. पुढे सातूरिओ पेराल होता. तो काही परका नव्हता. आमच्याच गल्लीतला, त्याचाही बाप ढिगाखालीच गेलेला. कंपनीचा डगला चढवल्यापासून मात्र तो कुणाच्या दारात पाणी प्यायला थांबत नसे. गावातला प्रत्येक माणूस त्याला चालीवरून, खोकल्यावरून ओळखू यायचा, आणि कोण सभेला गेलं, कोण नाही, हे तो साहेबाला बसल्या जागी सांगायचा.

"लेआंद्रो, हात काढ," सातूरिओ म्हणाला.

"घरी जा, सातूरिओ. तुझी आई वाट बघत असेल."

"दुसऱ्यांदा सांगणार नाही."

"मग सांगू नकोस," लेआंद्रो म्हणाला आणि त्यानं चाकाला एक वेढा दिला.

गोळी पोटात लागली. लेआंद्रो मागच्या मागे, बांधाखालून जाणाऱ्या तांब्याच्या पाटात पडला. क्रिसांतोनं उडी घेतली, भावाच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागला. ते तांब्याचं पाणी जखमेत शिरलं होतं. लेआंद्रो ओरडत होता, पण गोळीमुळे नव्हे. "पाणी काढ, क्रिसांतो, पाणी काढ आतलं," एवढंच तो म्हणत होता. क्रिसांतोनं सदरा फाडून जखम पुसली, पण सदराही त्याच पाण्यानं ओला होता. बाकीच्यांनी झोळी करून आणेपर्यंत ओरडणं थांबलं होतं.

क्रिसांतोनं पाटातला रुळाचा एक तुकडा उचलला. त्याला येताना पाहून सातूरिओ बंदुकीत दुसरी गोळी भरायला लागला, ती त्याला भरता आली नाही. पहिल्या घावाला त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्याला बरगड्या. तिसरा घाव डोक्यावर बसला असता, पण तोवर बाकीच्या पहारेकऱ्यांनी बंदुकीच्या दस्त्यांनी क्रिसांतोला झोडपून काढलं. त्याचे पुढचे दात तिथंच बांधावर राहिले. शुद्धीवर आला तेव्हा तो तुरुंगाच्या वाटेवर होता, आणि संपही मोडत आला होता.

तुरुंगात ओब्दुलिया एकदाच भेटायला आली. काळ्या कपड्यांत ती एकदम थोराड दिसत होती.

"वहिनी, त्याचा खांदा मी..."

"हाड मोडलंत म्हणून मला सांगू नका, भावजी," ती म्हणाली. "हाड जुळतं."

बरीच वर्षं गेली. राजा गेला, लोकांचं सरकार आलं, तेव्हा तुरुंग उघडले. क्रिसांतो परतला त्या वेळी आई गेलेली होती आणि घरात ओब्दुलिया एकटी होती. लोकांची धुणी धुऊन ती पोट भरायची. खाणीवर त्याला पुन्हा घ्यायला कंपनी तयार नव्हती. उल्पियानो नावाचा लोहार तेव्हा कामगारांचा म्होरक्या होता. त्यानं साहेबाच्या दारात ठिय्या दिला आणि क्रिसांतोला जुन्या जागी, पाटावर, लावून घेतलं. पण त्याआधी त्यानं त्याला भात्याजवळ बसवलं.

"सातूरिओ आता मोठा पहारेकरी झालाय. घोड्यावर फिरतो. तुझ्या पाटावरून रोज जाईल."

"जाऊ दे."

"तू त्याला हात लावलास तर कंपनी आमच्यातल्या शंभर घरांना बाहेर काढेल. माझ्या डोक्यावर हात ठेव आणि बोल."

"तुझ्या डोक्यावर केस नाहीत. शपथ घसरेल," क्रिसांतो म्हणाला, पण हात ठेवला.

सातूरिओ रोज जायचा. त्याचा मोडलेला खांदा जरा खाली उतरलेला असायचा. दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. संध्याकाळी क्रिसांतो घरी आला की ओब्दुलिया वाढता वाढता विचारायची, "आज दिसला?"

"दिसला."

"जिवंत?"

"जिवंत."

मग ती पुढ्यात थाळी सरकवायची आणि बाहेर जाऊन बसायची. त्या काळात क्रिसांतोनं गुत्त्यात किती जणांना बडवलं त्याला गणती नाही. एकाला बाटलीनं, एकाला नुसत्या कपाळानं. खरा मार ज्याला द्यायचा होता तो घोड्यावरून जात होता, आणि त्याच्या वाटचा मार बाकीचे खात होते.

छत्तीस सालच्या जुलैत सैन्यानं सरकारविरुद्ध बंड केलं. सेव्हिल शहर बंडवाल्यांच्या हाती पडलं, पण आमच्या डोंगरांत खाणकामगारांनी खाण ताब्यात घेतली. साहेब लोक निघून गेले. पहारेकऱ्यांना लोकांनी चर्चमागच्या कोठारात कोंडलं, आणि तिसऱ्या दिवशी सुरुंगाच्या कांड्या घेऊन जमाव कोठारापुढे उभा राहिला. ज्यांची माणसं संपात मेली होती ते सगळे त्यात होते. उल्पियानो दारात आडवा उभा राहिला, हातात शिकारीची बंदूक.

"हे करायचं असेल तर आधी मला उडवा," तो म्हणाला. "आपण खुनी नाही आहोत."

"ते खुनी आहेत," गर्दीतून ओब्दुलियाचा आवाज आला. "मग आपण कोण व्हायचं? उपाशी?"

गर्दी पुढे सरकली. उल्पियानोनं पाहिलं की आता आपलं काही चालत नाही. तेव्हा त्यानं व्यवहार केला.

"एक देतो. एकच. बाकीच्यांना कुणी हात लावायचा नाही. कबूल?"

कोण हे विचारायची गरज नव्हती. सातूरिओला बाहेर आणलं आणि त्याच्या हातांची दोरी क्रिसांतोच्या हातात दिली. लोक शेवटच्या घरापर्यंत मागून आले. तिथं उल्पियानोनं त्यांना थांबवलं. पुढे दोघंच चालत गेले, वरच्या तलावाच्या दारापर्यंत.

क्रिसांतोनं दोरी सोडली.

"का सोडतोस?" सातूरिओनं विचारलं.

"बांधलेल्याला मारायची मला सवय नाही."

दोरी सुटताच सातूरिओनं त्याच्या गळ्यावर ठोसा मारला आणि तो पळाला. पन्नाशीला टेकलेला, खांदा वाकडा, पण पळाला. क्रिसांतोनं त्याला बांधावर गाठलं. दोघं गडगडत पाटात आले, लोखंडाच्या ढिगावर. सातूरिओनं त्याच्या गालाचा लचका तोडला. क्रिसांतोनं त्याचा उजवा हात रुळावर आडवा धरला आणि वर गुडघा टाकून तो मोडला. मग मानगूट पकडली आणि तोंड पाण्यात दाबलं.

सातूरिओ धडपडत होता. बुडबुडे येत होते. पाणी नितळ होतं, आणि त्यातून दिसत होतं की त्याचे डोळे उघडे आहेत. क्रिसांतो कितीतरी वर्षं ह्याच क्षणाची वाट बघत जगला होता. धडपड कमी झाली. अजून थोडा वेळ धरलं असतं तर संपलं असतं. आणि तेव्हा त्याचा हात सैल पडला. दया आली म्हणावं तर मनात दया नव्हती, देवाची आठवणही नव्हती. नुसता हात सैल पडला, झोपलेल्या माणसाचा पडतो तसा.

त्यानं सातूरिओला बाहेर ओढलं, पालथा करून पाणी काढलं. डोळे धुवायला पाटाकडेला ठेवलेल्या आपल्या पिण्याच्या मडक्यातलं पाणी ओतलं, पण ते पुरं पडलं नाही. मग त्याला खांद्यावर टाकून तो गावात परत आला. गालातून रक्त गळत होतं. लोक बाजूला झाले. ओब्दुलिया मध्येच उभी होती.

"हे काय आणलंत?"

"वहिनी, माझ्याच्यानं नाही झालं."

तिनं त्याच्या फाटक्या गालावरच थप्पड मारली. मग दगड उचलून ती सातूरिओवर धावली. उल्पियानोनं तिला कमरेत धरून उचललं. ती हवेत लाथा झाडत राहिली आणि तो म्हणत राहिला, "बस, पोरी, बस. मिळाला तेवढा पुरे. कोठारात टाका रे त्याला."

ऑगस्टच्या अखेरीस बंडवाल्यांची फौज आली. आधी विमानं, मग तोफा, मग ट्रकांतून माणसं. आमच्याकडे शिकारीच्या बंदुका होत्या आणि सुरुंगाच्या कांड्या. नदीच्या पुलावर क्रिसांतोनं कांडी पेटवून पहिल्या ट्रकखाली टाकली. ट्रक पेटला, त्यातली माणसं जळत उड्या मारायला लागली आणि कामगारांनी त्यांना टिपलं. दुसऱ्या ट्रकवरच्या मशीनगननं मग कामगारांना टिपलं. पूल पडला नाही, गाव पडलं. उल्पियानो मांडीत गोळी लागून पकडला गेला. क्रिसांतो ढिगांच्या खालच्या जुन्या बोगद्यात शिरला. तिथं पाणी गळत होतं, अंगावर पडेल तिथं चटका बसत होता, पण बाहेरच्या माणसाला ती वाट सापडण्यासारखी नव्हती.

ओब्दुलियाला ती वाट ठाऊक होती. ती भाकरीएवढा पाव आणि मूठभर ऑलिव्ह शालीखाली लपवून आली. डोक्याला फडकं बांधलेलं. ते सरकलं तेव्हा दिसलं की डोकं भादरलेलं आहे, जागोजागी वस्तऱ्यानं कापलेलं.

"कुणी केलं?"

"खा आधी."

तो खात असताना तिनं सांगितलं. कोठार उघडून पहारेकऱ्यांना सोडवलं. सातूरिओला चौकात खुर्ची टाकून बसवलं. हात गळ्यात बांधलेला, डोळ्यांवर पट्टी. डोळे काही उघडणार नाहीत असं डॉक्टर म्हणाला.

"एकेकाला त्याच्या समोर उभं करतात आणि म्हणतात, बोल. माणूस म्हणतो, काय बोलू? तेवढ्यावर तो ओळखतो. नाव सांगतो, कोण कुठं होता ते सांगतो. मग शिपाई त्याला स्मशानाच्या भिंतीकडे नेतात."

"उल्पियानो?"

"पहिलाच. तो बोललाच नाही. खोकला. खोकल्यावरून ओळखलं."

क्रिसांतोनं पाव खाली ठेवला.

"तुम्ही?"

"मी तोंड उघडलं नाही. डोकं भादरलं, एरंडेल पाजलं, रस्त्यातून फिरवलं. हगत फिरले मी सगळ्यांसमोर, पण आवाज काढला नाही. शेवटी कंटाळून सोडून दिलं." तिनं फडकं पुन्हा बांधलं. "काल दिवसभर चाललं होतं. आजही चालू आहे. सगळे आपलेच, भावजी. आणि तुम्ही त्याला वर काढलंत."

ती उठून आल्या वाटेनं परत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं होऊन गाव दारं लावून झोपतं त्या वेळी, क्रिसांतो बोगद्यातून बाहेर आला. पाटावर कुणी नव्हतं. पाणी आपलं चालूच होतं, लोखंडावर बोटभर साल धरली होती आणि ती काढायला माणूस उरला नव्हता. बांधावर पडलेलं एक खोरं त्यानं उचललं आणि मागच्या भिंतीवरून तो सातूरिओच्या परसात उतरला.

सातूरिओ अंजिराच्या झाडाखाली खुर्चीत बसला होता. पुढच्या दारात शिपाई सावलीला घोरत होता. क्रिसांतोचं पाऊल वाजलं तशी पट्टी बांधलेलं तोंड वळलं.

"कोण?"

क्रिसांतो उभा राहिला.

"कोण आहे? बोल."

"ओळख," क्रिसांतो हळूच म्हणाला.

सातूरिओ ओरडला नाही.

"तुझी वाटच बघत होतो. बस."

"बसायला नाही आलो."

"तुझं नाव मी घेतलेलं नाही, क्रिसांतो. सगळ्यांची घेतली, एक तुझं सोडून. तुझ्या वहिनीलाही ओळखलं होतं मी. गप्प उभी होती तरी ओळखलं. बोललो नाही. तू मला वर काढलंस, मी तुम्हा दोघांना सोडलं. फिटलं."

क्रिसांतोला हे खरं की खोटं ते कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही. पण भिंतीपाशी उभे राहिलेले ते सगळे त्याच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकानं मरताना काय विचार केला असेल तेही.

"म्हणूनच आलोय," तो म्हणाला.

त्यानं मागून खोऱ्याचा दांडा सातूरिओच्या गळ्यावर आडवा धरला, पाठीत गुडघा रोवला आणि ओढला. सातूरिओच्या टाचा जमीन उकरत राहिल्या. खुर्ची करकरली. ह्या वेळी हात सैल पडला नाही. गळ्यातलं काहीतरी मोडल्याचा आवाज आला, तरी तो ओढतच राहिला, टाचा थांबेपर्यंत आणि त्यानंतरही. दारातला शिपाई कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

त्याच दुपारी तो ओब्दुलियाला घेऊन पश्चिमेला निघाला, पोर्तुगालच्या बाजूला. तिनं विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." तिनं मान हलवली. आनंद तिच्या तोंडावर दिसला नाही. बुचाच्या झाडांच्या रानांतून, कोरड्या ओढ्यांतून ते चालत राहिले. सीमेच्या नदीत उतरले तेव्हा मागून गोळ्या आल्या. एक गोळी ओब्दुलियाच्या दंडातून आरपार गेली. पलीकडच्या काठावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना परत ढकलायला बंदूक रोखली. असे पुष्कळ लोक परत ढकलले गेले आणि भिंतीकडे नेले गेले. क्रिसांतो पाण्यातून सरळ त्याच्या अंगावर गेला. बंदुकीची नळी धरून त्यानं त्याला पाण्यात खेचलं, डोकं दगडावर आपटलं, आणि तो निपचित पडल्यावर त्याचं तोंड पाण्याबाहेर राहील असं त्याला काठाला टेकवून ठेवलं. एका कोळसेवाल्यानं त्यांना महिनाभर आपल्या झोपडीत लपवलं. ओब्दुलियाचा दंड भरून आला, पण त्या हातानं तिला पुढे घागर उचलता आली नाही.

पोर्तुगालच्या त्या बाजूलाही खाणी होत्या, तसाच गंधकाचा दगड, तसेच ढीग. क्रिसांतोनं दुसरं नाव सांगितलं आणि तो पुन्हा पाटावर उभा राहिला. पाट बघून तो कामाला लागला तेव्हा मुकादम म्हणाला, "हे तू आधी केलेलं दिसतंय." तो म्हणाला, "हो, गावाकडे." त्यावर कुणी अधिक विचारलं नाही. दोघं नवरा-बायको म्हणून राहिले. लोकांना सांगायला म्हणून सुरुवात झाली आणि पुढे ते तसंच झालं. 'भावजी' आणि 'वहिनी' मात्र घरात सुटलं नाही. शेजारणी हसायच्या. त्यांना वाटायचं, स्पॅनिश लोकांत नवऱ्याला असंच म्हणतात.

युद्ध संपून बरीच वर्षं लोटल्यावर, बाजाराच्या दिवशी, एक बाई अंडी विकायला आली. ती उल्पियानोची बहीण ब्रिखिदा होती. तीही केव्हातरी नदी ओलांडून आलेली, चार गावं पलीकडे राहायची. तिनं क्रिसांतोच्या गालावरची खूण पाहिली आणि टोपली खाली ठेवली.

"तू बोर्रेरो."

तो थांबला. ह्या नावानं त्याला त्या देशात कुणी हाक मारली नव्हती.

"माझ्या भावानं तुझ्या हातात दिला होता त्याला. का काढलास वर?"

"माहीत नाही, ब्रिखिदाताई."

"माहीत नाही?"

"हात सैल पडला. ह्यापेक्षा जास्त मला आजही सांगता येत नाही."

तिनं रस्त्यातला दगड उचलला आणि त्याच्या कपाळावर मारला. दोन हातांच्या अंतरावरून, पूर्ण जोरानं. भुवई फुटली. तो भिंतीला टेकला. बाजारातली माणसं धावली. ह्या माणसाला लोक घाबरायचे, त्यामुळे आता बाईचं काय होतं ह्याची सगळ्यांनाच धास्ती वाटली. क्रिसांतोनं हात वर करून त्यांना थांबवलं. ब्रिखिदानं दुसरा दगड उचलला. तो जागचा हलला नाही. तिनं दुसराही मारला, तो छातीवर लागला. तिसऱ्यासाठी ती वाकली आणि तशीच बसून राहिली.

ओब्दुलिया धावत आली. तिनं दोघांकडे पाहिलं, कोण कोण आहे ते तिला कळलं. ब्रिखिदाच्या दंडाला धरून तिनं तिला उठवलं.

"चल घरी. अंडी मी उचलते."

"तुझ्या घरात मी पाय ठेवणार नाही."

"ठेव. मला कुणी उरलेलं नाही ज्याच्याशी उल्पियानोबद्दल बोलता येईल. तुला तरी कोण आहे?"

ब्रिखिदा गेली. स्वयंपाकघरात दोघी लसणाचं सूप करत बसल्या. ओब्दुलियानं आधी क्रिसांतोला खिडकीशी बसवलं आणि भुवई शिवली. एका हातानं सुई धरायची सवय तिला झाली होती. ब्रिखिदानं दोरा ताणून धरला. मग क्रिसांतो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

आतून त्याला ऐकू येत होतं. ब्रिखिदा गावाबद्दल विचारत होती, ओब्दुलिया सांगत होती. कोणाला कुठल्या दिवशी नेलं, कोण काय बोललं, कोण बोललाच नाही. पाववाला एवारिस्तो. खाणीतले ते जुळे भाऊ. शाळामास्तर, ज्यानं नुसतं 'नमस्कार' म्हटलं होतं. एकेक नाव येत होतं आणि मध्ये चमचा भांड्यावर वाजत होता. एका नावाशी दोघी अडल्या. पाटावरच्या त्या तांबड्या केसांच्या गड्याला काय म्हणायचे, ते दोघींनाही आठवेना.

"मकारिओ," क्रिसांतो पायरीवरून म्हणाला.

आतला चमचा वाजायचा थांबला.

"हो, मकारिओ," ब्रिखिदा म्हणाली. मग जरा वेळानं, "त्याला आत बोलाव. सूप गार होतंय."